‘सत्यकथा’ कोणाची?

“फादर, आमच्या घरात कथा-कादंबऱ्या वाचल्या जात नाहीत. आम्ही खऱ्या घटना वाचतो.” हे वाक्य गेल्या काही वर्षांत आम्ही अनेक घरांतून ऐकले आहे आणि ते उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी एक समाधान पाहिले आहे. उपवास पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याकडे पाहावे, तसे ते समाधान असते. ‘खऱ्या घटना’ म्हणजे नेमके काय वाचता, असे विचारले तर दहांपैकी आठ वेळा उत्तर खुनाशी येऊन थांबते. गाजलेला खटला, पोलीस अधिकाऱ्याने सांगितलेला तपास, फाशीच्या कोठडीतील आठवणी. आणि आता पुस्तकाचाही कंटाळा आला असेल तर त्याच गोष्टींची मोबाइलवरील मालिका. मुलीच्या हाती कादंबरी दिसली की आई म्हणते, वेळ फुकट घालवू नकोस. वडिलांच्या हाती हत्याकांडाचे पुस्तक असले की ते माहितीपर वाचन ठरते.

मराठीत १९३३पासून १९८२पर्यंत एक मासिक निघत असे. मराठी नवकथेचा आणि नवकवितेचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. त्यात छापून येत ती कल्पित कथा, आणि मासिकाचे नाव होते ‘सत्यकथा’. त्याच नावाचे दुसरे एक मासिक हिंदीत अलाहाबादहून निघत असे. ‘मनोहर कहानियाँ’चे ते भावंड. रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यांवर ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यातील मजकूर कशाचा असे हे सांगायला नको. खून, दरोडे, अनैतिक संबंध, आणि सारे ‘खरे’. शब्द एकच, पण एका मासिकाने सत्य ही माणसाच्या आतल्या जगाची गोष्ट मानली, तर दुसऱ्याने पंचनाम्याची. आमच्या कुटुंबांनी हळूहळू दुसऱ्या अर्थाची निवड केली आहे आणि ती निवड सदाचाराच्या नावाखाली केली आहे. आमचा वाद आहे तो या नावाशी.

प्रश्न केवळ तात्त्विक असता तर आम्ही एवढी पाने अडवली नसती. आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयासाठी यापुढे कथा-कादंबऱ्या विकत घेऊ नयेत, चरित्रे, आत्मकथने व ‘सत्य घटनांवर आधारित’ पुस्तकेच घ्यावीत, असा ठराव मांडला गेला आहे. ठराव मांडणारे सद्हेतूचे लोक आहेत. त्यांचे म्हणणे असे की जे घडलेच नाही ते वाचून मुलांनी काय शिकावे? हे लिहीत असताना त्यावर मतदान व्हायचे आहे. येथे आम्ही आमचे मत देत आहोत, आणि ते विरोधी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आम्ही खुनाच्या पुस्तकांवर बंदी मागणारे नव्हेत. आमच्या पिढीतील अनेकांनी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचलेला आहे. त्या हजारावर पुस्तकांनी कोणाचे वाटोळे केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यातला मृतदेह हे एक कोडे असते. त्याच्यासाठी कोणत्याही घरात कोणी आई रडत नसते. चेस्टरटनने आपला फादर ब्राउन १९१०मध्ये प्रथम आणला, तेव्हा तर गुन्हेगार शोधणारा मनुष्य धर्मगुरूच निघाला. १९२७च्या संग्रहात त्या फादरला त्याचे गुपित विचारले जाते, तेव्हा तो सांगतो की प्रत्येक खून आपण स्वतः मनात करून पाहिला होता, म्हणूनच खुनी सापडला. ही विनोदी वाटणारी कबुली आम्हांला अनेक प्रवचनांपेक्षा गंभीर वाटते. असो.

बंदीची परंपरा आपल्या धर्मसभेतही होती. निषिद्ध ग्रंथांची अधिकृत यादी १५५९पासून चारशे वर्षे चालली आणि १९६६मध्ये ती अधिकृतपणे संपली. ती संपली याचा आम्हांला आनंदच आहे. आमचे काही धर्मबंधू मात्र आजही संत मरिया गोरेटीचा दाखला देऊन पुस्तकांची कपाटे बंद करू पाहतात. १९०२ साली अकरा वर्षांच्या मरियाला भोसकणारा आलेस्सांद्रो सेरेनेल्ली याने १९६१मध्ये एक छोटे निवेदन लिहून ठेवले. वाईट छापील मजकुराचा व वाईट उदाहरणांचा आपल्यावर परिणाम झाला, असे त्यात तो म्हणतो. आमचे बंधू तेवढेच वाक्य उचलतात. आम्ही ते सबंध निवेदन पुनःपुन्हा वाचले आहे आणि आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या त्या माणसाकडे जाडजूड पुस्तक भरेल एवढा मजकूर होता. त्याने लिहिले ते एका बैठकीत वाचून संपते. तुरुंगातून सुटल्यावर तो मरियाच्या आईच्या दारी गेला होता, क्षमा मागायला. प्रकाशकाच्या दारी गेला नव्हता. आपल्या बालपणाची, कोठडीची, एकाकीपणाची रसाळ वर्णने त्याला करता आली नसती असे नाही. त्याने ती केली नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. पुण्यातील जोशी-अभ्यंकर खूनसत्र हे मराठी वाचकाचे सर्वांत परिचित गुन्हेप्रकरण असावे. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत कलाशिक्षण घेणाऱ्या चार तरुणांनी दहा माणसे गळा आवळून मारली. दिवेलागणीनंतर पुणे दारे लावून बसू लागले. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. या प्रकरणावर लेख झाले, पुस्तके झाली, १९८६मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट झाला. चौघांपैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात आपल्या आठवणी लिहिल्या. ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे त्यांचे नाव. अनेक घरांत हे पुस्तक आम्ही पाहिले आहे. मिठाईच्या दुकानाचा कागद लावून कव्हर घातलेले, कडा मऊ झालेल्या, म्हणजे खूप हातांतून गेलेले.

त्या घरांतून आम्ही एक प्रश्न विचारत आलो आहोत. मारणाऱ्यांची नावे सांगा. म्होरक्याचे नाव तर घरातील शाळकरी मुलगाही सांगतो, बाकीच्यांचीही निघतात. मग मेलेल्यांची नावे सांगा. ‘जोशी’ आणि ‘अभ्यंकर’ ही आडनावे निघतात, कारण ती प्रकरणाला चिकटली आहेत. पुढे शांतता.

१ डिसेंबर १९७६च्या रात्री भांडारकर रस्त्यावरील ज्या बंगल्यात पाच जणांचा बळी गेला, त्याचे नाव ‘स्मृती’ होते. तेथे राहणारे काशिनाथशास्त्री अभ्यंकर ऐंशी ओलांडलेले होते. संस्कृत व्याकरणाचा त्यांनी केलेला कोश १९६१मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर केले होते. त्या भाषांतराला प्रस्तावनेचा एक स्वतंत्र खंड काशिनाथशास्त्रींनी जोडला. कीलहॉर्न या जर्मन पंडिताने सिद्ध केलेल्या महाभाष्याच्या आवृत्तीची नवी आवृत्तीही त्यांनी भांडारकर संस्थेसाठी तयार केली. एका शब्दाच्या अर्थासाठी सबंध दुपार खर्च करणाऱ्या जातीचा हा मनुष्य. ही माहिती कोणाही वाचकाला ग्रंथालयात मिळेल. खुनाच्या पुस्तकांत ती एका विशेषणात उरकली जाते : ‘संस्कृत पंडित’.

त्याच रात्री त्याच घरात घरकाम करणारी एक बाई मारली गेली. तिचे नाव सकूबाई. आमच्या वाचनात आलेल्या या प्रकरणावरील मजकुरात तिच्या वाट्याला एक ओळ येते, फार तर दीड. मोलकरीणही घरात होती, म्हणून तिलाही मारले. त्या ‘ही’मध्ये एका स्त्रीचे सबंध आयुष्य बसवले आहे. लुटण्यासारखे तिच्यापाशी काही नव्हते. ती तेथे होती, एवढेच तिचे निमित्त.

आम्हांला सांगितले जाते की मुनव्वर शहाचे पुस्तक पश्चात्तापाचे आहे. ते वाचून तरुणांना धडा मिळतो. त्याच्या पश्चात्तापाचा न्याय आम्ही करणार नाही. तो अधिकार आम्हांला नाही, आणि मृत्यूच्या छायेत बसून आपण दोषी आहोत असे लिहिणाऱ्या माणसापुढे आमचा आवाज आपोआप खाली येतो. आमचा आक्षेप वाचकाच्या बैठकीला आहे. तीस वर्षांच्या आसपास आम्ही प्रायश्चित्त संस्काराच्या जाळीमागे बसत आलो आहोत. तेथे काय ऐकले ते आमच्याबरोबर मातीत जाईल; पण त्या संस्काराची रीत सर्वांना माहीत आहे आणि तीविषयी बोलायला हरकत नाही. गोव्याकडची माणसे ज्याला कुमसार म्हणतात, त्यात पाप सांगायचे असते, गोष्ट सांगायची नसते. काय केले आणि किती वेळा, एवढे पुरे. साथीदाराचे नाव घ्यायचे नाही. प्रसंग रंगवायचा नाही. आपले वडील कसे कठोर होते आणि त्या दिवशी आकाश कसे भरून आले होते, हे सुरू झाले की अनुभवी धर्मगुरू हळूच आडवा येतो, कारण वर्णन सुरू झाले की दुःख संपू लागते, हे त्याला ठाऊक असते. मग येते ते प्रायश्चित्त. चोरी केली असेल तर परत करायचे असते. नुसते ‘मी दोषी आहे’ म्हणून उठता येत नाही.

गुन्हेगाराच्या आत्मकथनात ही सारी रीत उलटी होते. गोष्ट लांब, पाप आखूड. जाळीपलीकडे धर्मगुरूच्या जागी वाचक बसलेला. त्याला पापमुक्ती देण्याचा अधिकार नाही आणि प्रायश्चित्त सांगण्याची जबाबदारीही नाही. तो फक्त ऐकतो, आणि ऐकताना त्याला एक गोड कंप जाणवतो. शेवटी त्याचे डोळे ओले होतात आणि तो म्हणतो, बिचारा! हे ‘बिचारा’ कोणाच्या वतीने? क्षमा करायची तर ती सकूबाईच्या माणसांनी. त्यांच्या खिशातील पैसे आपण परस्पर दान करून मोकळे होतो, आणि वर आपले मन मोठे आहे असे समजतो. घरातल्या दिवाणावर पडून, चहा घेत, अशी क्षमा देणे फार सोपे असते.

हा केवळ मराठी रोग आहे असे कोणी समजू नये. ज्या पुस्तकाने या प्रकाराला साहित्याची प्रतिष्ठा दिली, ते ट्रुमन कपोटींचे ‘इन कोल्ड ब्लड’ आम्ही दोनदा वाचले आहे, आणि दुसऱ्यांदा वाचताना अधिक अस्वस्थ झालो आहोत. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी कॅन्सस राज्यातील होलकम्ब या खेड्यात क्लटर नावाच्या शेतकऱ्याचे कुटुंब मारले गेले : नवरा, बायको, सोळा वर्षांची मुलगी, पंधरा वर्षांचा मुलगा. तिजोरी आहे अशी अफवा ऐकून आलेल्या दोघांच्या हाती पन्नासाहून कमी डॉलर लागले. कपोटी तेथे गेले, वर्षानुवर्षे माणसांशी बोलले, तुरुंगातील दोघांशी त्यांची ओळख वाढत गेली. १४ एप्रिल १९६५ रोजी दोघांना फाशी झाली. त्याच वर्षी ‘न्यू यॉर्कर’मध्ये मजकूर क्रमशः आला आणि १९६६च्या जानेवारीत पुस्तक. फाशी होईपर्यंत पुस्तकाला शेवट नव्हता. ज्यांच्याशी मैत्री केली त्यांच्या मरणाची लेखक वाट पाहत होता, हे कपोटींच्या चाहत्यांनीही नाकारलेले नाही.

न्यायाने बोलायचे तर पुस्तकाचा पहिला भाग क्लटर कुटुंबाचा आहे आणि तो सुंदर आहे. आपल्या शेवटच्या दिवशी ती मुलगी शेजारच्या छोट्या मुलीला चेरीचा गोड पदार्थ भाजायला शिकवते, तो भाग कोणीही विसरणार नाही. पण त्यानंतर शेकडो पाने आपण मारेकऱ्यांच्या गाडीत बसलेले असतो. त्यांतील एकाचे अनाथाश्रमातले बालपण, त्याचे जायबंदी पाय, त्याची गिटार, त्याची स्वप्ने! पुस्तक मिटताना त्याचा चेहरा डोळ्यांपुढे राहतो. क्लटर यांच्या दोन मोठ्या मुली त्या रात्री घरी नव्हत्या म्हणून वाचल्या. त्यांना पुढील सारे आयुष्य ‘त्या पुस्तकातील कुटुंब’ म्हणून काढावे लागले. आणि गंमत पाहा. अक्षर न् अक्षर खरे असल्याचा ज्याविषयी लेखकाचा दावा होता, त्या पुस्तकाचे अखेरचे स्मशानातील दृश्य घडलेलेच नव्हते. तपास अधिकारी आणि मृत मुलीची मैत्रीण कबरीपाशी भेटतात, शांतपणे बोलतात, वारा वाहतो. कपोटींनी ते रचले होते. १९८८मधील त्यांच्या चरित्राने ते उघड केले. आपण ‘खरे’ म्हणून ज्यावर विसंबलो त्याला शेवटी आधार घ्यावा लागला तो कल्पिताचा. आमच्या ठरावकर्त्यांनी या पुस्तकाची शेवटची दोन पाने वाचनालयातून फाडून टाकावीत काय?

सर्वच आत्मकथने आम्ही एका दावणीला बांधत नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या कबुलीजबाबात सोळाव्या वर्षी केलेल्या पेअरच्या चोरीवर पानेच्या पाने खर्च केली आहेत. आणि वाचक हसू लागतो न लागतो तोच त्याच्या ध्यानात येते की भूक नसताना, केवळ मोडण्याच्या आनंदासाठी आपणही काय काय मोडले आहे. तेथे लेखक वाचकाची कीव मागत नाही. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले हे पुस्तक आपल्या कॅथलिक घरांत हवे तितके वाचले जात नाही, ही आमची जुनी तक्रार आहे. टिळक दांपत्य दुसऱ्या पंथाचे होते, हे त्याचे कारण असेल तर ते फार तोकडे आहे. १८९५मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतला. पुढची पाच वर्षे या बाईने वेगळे राहून काढली, आणि १९००मध्ये ती स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आली. वडिलांचे सोवळ्याचे वेड, नवऱ्याचा संताप, त्याची दानशूर बेफिकिरी, स्वतःचा वेंधळेपणा, सारे ती सांगते. पण पुस्तकभर दुसरी माणसे तिच्याहून मोठी दिसतात. स्वयंपाकघरात येऊन गेलेल्या माणसालाही चेहरा मिळतो. आत्मकथनाची आमची कसोटी एवढीच आहे : लिहिणाऱ्याने स्वतःखेरीज आणखी कोणाला जिवंत केले?

आता ज्याला खोटे म्हणतात त्याकडे.

पॅरिसमध्ये लासनेर नावाचा एक खुनी होऊन गेला. १८३४च्या अखेरीस त्याने एका माणसाचा व त्याच्या वृद्ध आईचा खून केला. तो शिकलेला होता, कविता करीत असे. तुरुंगात त्याने आठवणी लिहिल्या. शहरातील प्रतिष्ठित मंडळी त्याच्याविषयी कुतूहलाने बोलू लागली. १८३६च्या जानेवारीत त्याचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी आठवणी छापून निघाल्या. मोबाइल नव्हता, एवढाच काय तो फरक. १८६१मध्ये दोस्तोव्हस्कीने आपल्या नियतकालिकात या खटल्याची हकिकत छापली. म्हणजे ‘खरी घटना’ त्याच्यापुढे होती, खपणारी होती. पाच वर्षांनी, १८६६मध्ये, त्याने ‘गुन्हा आणि शिक्षा’ लिहिली. तिच्यात एक हुशार, गरीब विद्यार्थी सावकारी करणाऱ्या एका म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करतो. त्याच्यापाशी त्यासाठी तत्त्वज्ञान आहे : एक निरुपयोगी जीव गेला तर अनेकांचे भले होईल. येथपर्यंत गोष्ट लासनेरची वाटावी. पण म्हातारीची बहीण लिझावेता अवचित घरात येते. भोळी, सर्वांसाठी राबणारी, म्हातारीचा मार खाणारी बाई. तो तिलाही मारतो. तिच्यासाठी त्याच्या तत्त्वज्ञानात जागाच नव्हती.

वाचकहो, ही लिझावेता म्हणजेच आमची सकूबाई. ती तेथे होती, एवढेच तिचे निमित्त. मारणारा तिला विसरतो. आपल्याला तिची आठवण कशी येत नाही, याचे एकदा त्यालाच नवल वाटते. लेखक मात्र तिला विसरत नाही. पुढे सोनिया त्या विद्यार्थ्याला लाजरसाच्या पुनरुत्थानाची कथा वाचून दाखवते. ते पुस्तक कोणी आणून दिले, असे तो विचारतो. लिझावेताने, असे उत्तर येते. सोनिया त्याला क्रूस देते तेव्हा स्वतःसाठी लिझावेताचा तांब्याचा क्रूस ठेवते. कथेच्या अखेरीस सायबेरियातील तुरुंगात त्याच्या उशाखाली शुभवर्तमानाची प्रत असते. ती तीच. मेलेल्या बाईचे पुस्तक मारणाऱ्याच्या उशाखाली जाऊन पोहोचते. आणि सोनिया त्याला काय सांगते? आपल्याला हे सर्व सविस्तर सांग, असे ती म्हणत नाही. चौरस्त्यावर जा, जमिनीला वाक, आणि सर्वांना मोठ्याने सांग की मी मारले. ही कुमसाराचीच रीत आहे.

लिझावेता कधी जन्मलीच नाही, हे आम्हांला मान्य आहे. तरीही आमच्या धर्मग्रामातील कोणी ती कादंबरी वाचली तर लिझावेताचे नाव त्याच्या ध्यानात राहील. आणि खरोखर जगलेल्या, पुण्यात भांडी घासलेल्या, गळा आवळून मारलेल्या बाईचे नाव तिच्यावरचे ‘सत्य’ वाचूनही राहिले नाही. जे घडलेच नाही ते वाचून मुलांनी काय शिकावे, या प्रश्नाला आमचे उत्तर हे आहे.

कोणी म्हणेल की हा सर्व दोष बाहेरच्या बाजाराचा आहे, आपल्या धार्मिक पुस्तिकांचा नव्हे. तसे म्हणवत नाही. धर्मभगिनी राणी मरिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात उदयनगरजवळ बसमध्ये भोसकून हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, याही धर्मभगिनीच, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली, ही गोष्ट आपल्या प्रत्येक प्रवचनात येते. आमच्याही येते, आणि यावीच. पण राणी मरिया मारल्या का गेल्या, असे विचारले तर किती जणांना सांगता येईल? त्या आदिवासी शेतकऱ्यांना बँकेचे कर्ज मिळवून देत होत्या, सावकाराच्या पाशातून सोडवत होत्या, त्यांना एकत्र बसवत होत्या. कोणाचे तरी उत्पन्न बुडत होते. या प्रकरणावर २०१३मध्ये एक चित्रपट निघाला, त्याचे नाव ‘हार्ट ऑफ अ मर्डरर’. खुन्याचे हृदय! पश्चात्तापदग्ध खुनी आपल्याला इतका आवडतो की कधी कधी शहीद ही त्याच्या गोष्टीतील प्रस्तावना होऊन बसते.

पूर्वीच्या एका धर्मग्रामात आमच्या ओळखीची एक आई होती. तिच्या मुलाचा खून झाला त्याला बरीच वर्षे लोटली होती. दर दोन-चार वर्षांनी कोणते तरी साप्ताहिक ‘गाजलेले खटले’ या सदरात ते प्रकरण पुन्हा छापी आणि कोणी शेजारीण चांगुलपणाने तो अंक तिला आणून देई. एकदा तिने तो अंक आमच्यापुढे ठेवला. “फादर, मी मोजलं. त्याचं नाव अकरा वेळा आलंय. माझ्या पोराचं एकदाच, आणि तेही चुकीचं लिहिलंय.” आम्ही त्या साप्ताहिकाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. ज्यांना ‘खऱ्या घटना’ आवडतात त्यांनी ही घटना जमेस धरावी. ती शंभर टक्के खरी आहे.

तेव्हा ठरावाविषयी आमचे म्हणणे असे. गुन्ह्याची पुस्तके हवी तर जरूर घ्या, त्यांना कुलूप लावू नका. पण कादंबऱ्यांचे पैसे कापून ती घेऊ नका. आणि वाचनालयात असे पुस्तक परत करणाऱ्याला ग्रंथपालाने एवढेच विचारावे की यात मेले कोण, त्यांची नावे सांगा. सांगता आली नाहीत तर पुस्तक आणखी आठ दिवस ठेवावे; विलंब शुल्क आम्ही भरू.

आणखी एक. आपल्या धर्मग्रामांतून घरकामाला शहरात जाणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या मुली आता महाविद्यालयांत आहेत. त्यांच्यातील कोणी लिहिणारी असेल तर तिने एक कथा लिहावी. नावे बदलावीत, गाव बदलावे. थंडीतली संध्याकाळ, मालकांचे जेवण व्हायचे आहे, ओटा पुसायचा राहिला आहे, घरी जायला उशीर झाला आहे आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजते. दार उघडण्यापूर्वीचा तिचा सबंध दिवस लिहावा. सकाळी ती किती वाजता उठली, वाटेत कोणाशी बोलली, कनवटीला किती पैसे होते, रात्री घरी कोण जागे राहणार होते. दार उघडल्यानंतरचे लिहिण्याची गरज नाही. ते पुष्कळांनी लिहिले आहे. पुढच्या अंकासाठी कथा चालेल का, असे आम्ही संपादकांना विचारून ठेवले आहे. ते चालेल म्हणाले, शब्दमर्यादा मात्र पाळा.